कोड

कोड : त्वचेला रंग देणाऱ्या पेशी (रंजकपेशी) नष्ट झाल्याने उमटणारे खडूसारखे पांढरे चट्टे. जगात अंदाजे ०.५ ते १ टक्का लोकांना कोड असते. स्पर्शाने ते पसरत नाही.

नाव व प्राचीन उल्लेख : ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ यावरून प्राकृत ‘कोढ’ या रूपातून आला. महारोगाशी होणारा घोळ या शब्दातच रुजलेला आहे. अथर्ववेदात (१.२३–२४) ‘किलास’ आणि ‘पलित’ यांना पुन्हा रंग दे, अशी काळ्या वनस्पतीची प्रार्थना आहे. या सूक्तांचा काळ सामान्यतः इ.स.पू. १२०० ते १००० च्या सुमाराचा धरतात. तो अंदाजच होय. किलास म्हणजे आजचे कोड, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते त्यात महारोगाचे फिकट चट्टेही येत असावेत. किलास केवळ त्वचेपुरते असते व स्रवत नाही, असा कुष्ठाहून भेद सुश्रुतसंहितेत केला आहे. हा ग्रंथ बराच नंतरचा असल्याने वैदिक अर्थ त्यावरून ठरत नाही. तरी पलिताशी, म्हणजे केस पिकण्याशी, घातलेली जोडी पाहता पहिले मत अधिक जवळचे वाटते. लॅटिन ‘व्हिटिलिगो’ हा शब्द पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससच्या ग्रंथात येतो. तो ‘दोष’ या अर्थाच्या शब्दावरून आला की ‘वासरू’ या अर्थाच्या, यावर एकमत नाही.

कारण : शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील सीडी८ टी-पेशी रंजकपेशींवर हल्ला करतात. त्यांतून सुटणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनामुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशी सीएक्ससीएल१० हे रसायन सोडतात आणि त्याच्या मागावर आणखी टी-पेशी येतात. काही टी-पेशी जागेवरच मुक्काम करतात, म्हणून उपचार थांबल्यावर डाग बहुधा जुन्याच जागी परततो. थायरॉइडचे स्वयंप्रतिरक्षा विकार सोबत आढळत असल्याने रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते ही समजूत ठाणे-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी घरांतही ऐकू येते. चरकसंहितेत हा विरुद्धाहार सांगितला आहे. मात्र कोडाशी त्याचा संबंध आधुनिक संशोधनात दिसलेला नाही.

घासणे, भाजणे, खरचटणे अशा जागी नवा डाग उठतो (कोबनर परिणाम); परकराच्या नाडीखाली कमरेवर पडणारा पट्टा हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

रासायनिक श्वेतडाग : रसायनांच्या स्पर्शाने पडणाऱ्या या डागांना वेगळे स्थान द्यावे लागते, कारण मूळ कारण दूर केल्यास काहींचा रंग परततो. १९३९ साली अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांमुळे पांढरे डाग पडल्याची नोंद झाली. दोष रबरातील हायड्रोक्विनोनच्या मोनोबेंझिल ईथरचा निघाला. टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलने कपाळावर टिकलीच्याच आकाराचा डाग पडतो. रबरी चपलेने पायावर पट्ट्यांची नक्षी उमटते. टिकली बंद करून कुंकू लावणे हा उपचाराचाच भाग. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायनांचे कारखाने असल्याने इथल्या रुग्णाला कामावर हात कशात बुडतात, हातमोजे कसले, हे आधी विचारावे.

निदान : ३६५ नॅनोमीटरच्या वूड दिव्याखाली कोड निळसर पांढरे चमकते. महारोगाचा चट्टा फिकट पण पूर्ण पांढरा नसतो, आणि तिथे संवेदना कमी असते. ठाण्याच्या दमट हवेत वाढणारी शिबं खवलेदार असतात व बुरशीच्या औषधाने जातात.

उपचार : चेहरा व मानेवर ०.१ टक्के टॅक्रोलिमस मलम दिवसातून दोनदा. अंगावर तीव्र स्टेरॉइड मलम मर्यादित काळ, नाहीतर कातडी पातळ होते. डाग वेगाने पसरत असल्यास बीटामेथासोन (स्टेरॉइड) ५ मि.ग्रॅ. पोटातून आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस देण्याची पद्धत भारतात रुळली आहे. रक्सोलिटिनिबच्या १.५ टक्के मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते वर सांगितलेली इंटरफेरॉनची साखळी तोडते.

विस्तृत कोडासाठी ३११ नॅनोमीटरची अरुंदपट्टा अतिनील किरणे. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. सुरुवात २०० मिलिज्यूल प्रति चौ.सेंमी., मग दर खेपेस १० ते २० टक्के वाढ. डाग फिका गुलाबी होऊन २४ तासांत निवळला तर मात्रा बरोबर. डोळ्यांवर गॉगल, जननेंद्रियांवर झाकण. चुकते ते फेऱ्यांना खाडा पडल्यामुळे : पावसाळ्यात लोकल ठप्प झाली की फेऱ्या बुडतात, आणि परतल्यावर जुनीच मात्रा दिल्यास कातडी भाजते. आठ ते चौदा दिवसांच्या खाड्यानंतर मात्रा २५ टक्के, पंधरा ते एकवीस दिवसांनंतर ५० टक्के कमी करतात. त्याहून मोठ्या खाड्यानंतर पहिल्यापासून सुरुवात. फरक पडत नाही असे म्हणण्याआधी किमान ४८ फेऱ्या झाल्या पाहिजेत.

बावचीच्या बियांत सोरालेन (त्वचेला उन्हाबाबत हळवे करणारे द्रव्य) असते. तिचे तेल चोपडून गच्चीत उन्हात बसणे हा घरगुती प्रयोग फोड आणतो, आणि फोडाच्या जागी कोबनर परिणामाने नवे कोड.

रंग केसांच्या मुळांतील रंजकपेशींपासून ठिपक्याठिपक्यांनी परततो. त्यामुळे डागातले केसही पांढरे असल्यास, तसेच ओठ व बोटांची टोके यांवर औषधे थिटी पडतात. डाग वर्षभर स्थिर असेल तरच शस्त्रक्रिया : मांडीच्या त्वचेचा पातळ पापुद्रा ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकरात ३७ अंश सेल्सिअसला ठेवून पेशी सुट्या करतात आणि खरवडलेल्या डागावर पसरतात, एका भागातून सुमारे दहापट क्षेत्र झाकते.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरूळ, कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये ही ठाणे–नवी मुंबई भागातील शिक्षण-रुग्णालये होत.