घाटात घासणारे टायर

भाच्यानं गाडीचे १५ इंची रिम काढून १६ इंची अलॉय बसवले. दुकानासमोर उभी गाडी झकास दिसत होती. मग पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन आम्ही कुंभार्ली घाटात शिरलो, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर पुढून आवाज आला : खर्रर्र. उतरून पाहिलं, तर चाकाच्या कमानीतलं काळं प्लास्टिक एका पट्ट्यात घासून गुळगुळीत झालेलं.

दोष त्या एका इंचाचा नव्हता. जुना टायर होता १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. टायरसकट चाकाचा व्यास होतो साधारण ६२२ मिमी. भाच्यानं घेतला १९५/६५ आर १६, व्यास ६६० मिमी! ‘६५ तर तेच आहे की,’ हे त्याचं म्हणणं. पण रुंदी वाढली की ते ६५ टक्केही वाढतात. १९५/५५ आर १६ घेतला असता, तर व्यास ६२१ राहिला असता.

व्यासाचा हिशेब निदान टायरवरच लिहिलेला असतो. खरी गोम ऑफसेटमध्ये आहे, आणि तो कुणी विचारत नाही. रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागाला, जिथे टेकतो, ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे, तो हा आकडा. जुना रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४५. नवा ७ इंच, ऑफसेट ३५. रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढले, शिवाय अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी पुढे आली, आतली स्ट्रटकडे, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या स्प्रिंगच्या खांबाकडे, जेमतेम ३ मिमी सरकली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ही पुढे आलेली कड मोठ्या वर्तुळात फिरते. त्यात गाडी भरलेली असेल तर स्प्रिंग दबून कमान आणखी खाली येते.

म्हणून चाचणी रिकाम्या गाडीवर करू नये. माणसं बसवावीत, कमानीत मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचे गोळे चिकटवावेत, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पुढे-मागे हळू चालवावं. मातीवर टायरचा ठसा उमटला, की जागा सापडली.

भाच्यानं रिम ठेवले, टायर बदलून १९५/५५ घेतले. खर्रर्र थांबलं. स्पीडोमीटरही सुधारला, आधी काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असायची. टायरची भिंत मात्र १२७ मिमीवरून १०७ वर आली आहे. आता खड्डा दिसला की तो माझ्याआधी ब्रेक दाबतो.