पोटाखालची ऊब

साप शरीराची ऊब बाहेरून मिळवतो. बॉल पायथन या पाळीव अजगराने उंदीर गिळला, की तो पचवायला त्याला साधारण ३२ अंश सेल्सिअस तापमानाची जागा लागते. ती मिळाली नाही तर पचन रेंगाळतं, पोटातलं भक्ष्य कुजायला लागतं आणि साप ते उलटून टाकतो. म्हणून तो ठेवलेल्या काचेच्या टाकीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावतात.

पण किती तापायचं हे मॅटला कळत नाही. ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय चालू ठेवलेल्या मॅटवरची काच ५० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. चटका बसला की साप आपसूक बाजूला होईल, या भरवशावर तर मुळीच राहू नये. जागा हळूहळू तापत गेली तर तो तिथेच वेटोळं घालून पडून राहतो आणि त्याचे पोटाकडचे खवले भाजतात. ‘सध्या मॅट घेऊ, थर्मोस्टॅट नंतर बघू’ असं कृपा करून करू नका.

थर्मोस्टॅट घेतल्यावरही खरी चूक होते ती त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, ठेवण्यात. थर्मोस्टॅटला फक्त प्रोबच्या टोकाचं तापमान समजतं. प्रोब टाकीत अंथरलेल्या भुशावर ठेवला, तर भुसा खालची उष्णता अडवतो. प्रोबला २८ अंशच जाणवतात, त्यामुळे मॅट चालूच राहते आणि खाली काच तापत जाते. साप नेमका तोच भुसा उकरून काचेला पोट टेकतो. टाकीत मोकळा सोडलेला प्रोब साप ढकलतोही. प्रोब थंड कोपऱ्यात सरकला, की मॅट बंद व्हायचं नावच घेत नाही. म्हणून प्रोब बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्का बसवावा. आत चिकटपट्टी वापरू नये, तिला चिकटलेल्या सापाची कातडी सोलवटते.

मग भुसा बाजूला सारून आतली काच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. काचेतून येताना उष्णता थोडी कमी होते, त्यामुळे थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि आतला आकडा जुळणार नाही. आतला आकडा हवा तिथे येईपर्यंत थर्मोस्टॅट एकेक अंशाने वाढवा. साप आत सोडण्याआधी ही सगळी मांडणी एक-दोन दिवस चालवून पाहा.

मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी, म्हणजे दुसरं टोक २५-२६ अंशांवर राहतं. लपायला आडोसा मात्र दोन्हीकडे हवा. एकाच बाजूला असला तर भेदरलेला साप तापमान सोसत तिथेच दडून बसतो. टाकीखाली रबरी पाय लावून हवेला फट ठेवा, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते. मॅटने टाकीतली हवा फारशी तापत नाही, तेव्हा खोली गार असेल तर वरून वेगळा हीटर लागतो, त्यालाही स्वतंत्र थर्मोस्टॅट.

सापाला हातात घ्याल तेव्हा पोटाकडची बाजू बघत जा. लालसर किंवा तपकिरी झालेले खवले, फोड, पाझरणारी जागा दिसली, तर मॅट बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. अशा जखमेत जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि ती भरून यायला सापाला अनेकदा कात टाकावी लागते.