सुपरस्पेसमध्ये गुंडाळलेलं काही नाही
वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या कट्ट्यावर विज्ञानाच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: सुपरसिमेट्री म्हणजे अवकाशात गुंडाळून लपवलेल्या जादा दिशा. हे चूक आहे. सुपरसिमेट्री म्हणजे पदार्थाचे कण आणि बल वाहणारे कण यांना जोडणारी सममिती; तिच्यानुसार प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो. गुंडाळलेल्या मितींची कल्पना वेगळी, १९२०च्या दशकातली.

ही सममिती भूमितीत मांडायला सलाम आणि स्ट्रॅथडी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये सुपरस्पेस आणलं: नेहमीच्या स्थळकाळाला जादा निर्देशक (जागा सांगणाऱ्या राशी) जोडलेलं अवकाश. पण हे जादा निर्देशक लांबी मोजतच नाहीत. त्यातल्या कोणत्याही एकाचा वर्ग शून्य. दोघांच्या गुणाकाराचा क्रम उलटला की चिन्ह उलटतं. जिथे फूटपट्टीच ठेवता येत नाही, तिथे गुंडाळणार काय?

खरं सौंदर्य पुढे आहे. सपाट मैदानात आधी पूर्वेला चाला, मग उत्तरेला, किंवा उलट. पोचता एकाच जागी. सुपरस्पेसमध्ये सुपरसिमेट्रीची दोन पावलं क्रम बदलून टाका, टोकं जुळत नाहीत. उरलेला फरक म्हणजे आपल्याच स्थळकाळातलं सरकणं! या बीजगणिताचं मुख्य समीकरण हेच सांगतं, म्हणून सुपरसिमेट्रीला स्थानांतराचं वर्गमूळ म्हणतात. मला तरी याहून देखणं समीकरण माहीत नाही.

जिनिव्हाजवळच्या, कणांची टक्कर घडवणाऱ्या त्वरकात हे जोडीदार कण अजून सापडलेले नाहीत, हे खरंच. पण तो प्रश्न निसर्गाचा. ही भूमिती गणित म्हणून पक्कीच आहे.