मँचेस्टर शिप कॅनॉल

मँचेस्टर शिप कॅनॉल : वायव्य इंग्लंडमधील जहाजवाहतुकीचा कालवा. मर्झी नदीच्या खाडीवरील ईस्टम येथे तो सुरू होतो आणि सुमारे ५८ किमी. (३६ मैल) अंतर कापून सॅल्फर्ड व मँचेस्टर या शहरांपर्यंत पोहोचतो. वाटेत ईस्टम, लॅचफर्ड, अर्लम, बार्टन व मोड व्हील या पाच ठिकाणी जलपाश म्हणजेच लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करता येणारे दरवाजेबंद हौद) आहेत आणि त्यांच्या साहाय्याने जहाज सुमारे १८ मी. वर चढते. जानेवारी १८९४ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि समुद्रापासून दूर असलेले मँचेस्टर बंदर बनले.

एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस लिव्हरपूलच्या गोदीत उतरे आणि मुंबईसह जगभरच्या बाजारांत जाणारे कापडही बहुतांशी तेथूनच चढवले जाई. गोदीचे शुल्क आणि लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेभाडे मिळून एवढे होई की माल दूरच्या, पूर्व किनाऱ्यावरच्या हल बंदरातून आणणे कधीकधी स्वस्त पडते, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. २७ जून १८८२ रोजी डॅनियल अ‍ॅडमसन या कारखानदाराने डिड्सबरी येथील आपल्या घरी गिरणीमालक, व्यापारी आणि नगरप्रमुखांची बैठक बोलावली. अभियंते हॅमिल्टन फुल्टन यांची योजना लॉक नसलेल्या, मँचेस्टरपर्यंत भरती आत घेणाऱ्या कालव्याची होती. तिच्यात शहराजवळची गोदी जमिनीच्या पातळीच्या बरीच खाली, खड्ड्यात गेली असती. म्हणून दुसरे अभियंते एडवर्ड लीडर विल्यम्स यांची लॉकची योजना पसंत पडली.

१८८३ व १८८४ साली विधेयक संसदेत फेटाळले गेले. लिव्हरपूलचा आक्षेप निव्वळ मत्सरातून आलेला नव्हता. पहिल्या आराखड्यात जहाजमार्ग खाडीच्या मधोमध बांध घालून आखला होता. खाडीत प्रवाह सतत जागा बदलतो आणि ओहोटीला वेगाने बाहेर पडणारे पाणी लिव्हरपूलच्या मुखाशी साचणारी वाळू धुऊन नेते. मार्ग एका जागी जखडला तर बांधामागे गाळ साचेल, खाडीत मावणारे पाणी कमी होईल आणि मुखाशी वाळूचा दांडा वाढेल, असे त्यांच्या तज्ज्ञांचे म्हणणे होते. अखेर मार्ग खाडीबाहेर, चेशायरच्या किनाऱ्यालगत ईस्टमपर्यंत नेला गेला आणि ६ ऑगस्ट १८८५ रोजी कायदा संमत झाला. कालव्याचा खालचा भाग खाडीला खेटून जातो तो या तडजोडीमुळे. खर्च वाढला, पण लहरी वाळूपासून जहाजांची कायमची सुटका झाली. हा बदल लादलेला असला तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्यच होता.

भांडवल उभारणे त्याहून कठीण गेले. कायद्याची अट होती की भागभांडवल जमवून जुना ब्रिजवॉटर कालवाही विकत घ्यावा. १८८६ चा पहिला प्रयत्न फसला, अ‍ॅडमसन यांनी अध्यक्षपद सोडले आणि लॉर्ड एगर्टन ऑफ टॅटन त्या जागी आले. नोव्हेंबर १८८७ मध्ये खोदाई सुरू झाली. दोन वर्षांनी कंत्राटदार टॉमस वॉकर वारले. पुरांनी अर्धवट खोदलेले भाग पुन्हा पुन्हा बुडाले आणि पैसा संपत आला. तेव्हा मँचेस्टर महापालिकेने कर्ज देऊन काम तारले आणि त्या बदल्यात संचालक मंडळावर बहुमत मिळवले. एकूण खर्च सुमारे १.५ कोटी पौंडांवर गेला. ऐन भरात १६,००० हून अधिक मजूर कामावर होते. वाफेवर चालणारी सुमारे १०० खोदयंत्रे आणि माती वाहणाऱ्या शेकडो किमी. तात्पुरत्या रेल्वेमार्गांच्या जोरावर सुमारे ४.१ कोटी घ.मी. माती व वालुकाश्म उपसला गेला. १ जानेवारी १८९४ रोजी वाहतूक सुरू झाली आणि २१ मे रोजी व्हिक्टोरिया राणीने रीतसर उद्‌घाटन केले.

वरच्या भागात हा कालवा म्हणजे सरळ व खोल केलेली नदीच आहे. मँचेस्टरकडून अर्वेल नदीचे पाणी त्यात येते, अर्लमजवळ मर्झी मिळते आणि खाली रिक्स्टनजवळ ती पुन्हा वेगळी होऊन आपल्या जुन्या पात्राने जाते. त्यामुळे वरच्या चार ठिकाणी लॉकच्या शेजारीच पूर सोडण्याचे दरवाजे आहेत. एफ. जी. एम. स्टोनी यांच्या पद्धतीचे हे पोलादी दरवाजे मोकळ्या फिरत्या रोलरांच्या मालिकेवर चढ-उतार करतात. पाण्याचा प्रचंड दाब असूनही घर्षण थोडे राहते, म्हणून ते उचलता येतात. खालच्या भागात वीव्हर नदी एका बाजूने कालव्यात येते आणि समोरच्या दरवाजांतून खाडीत उतरते. छोटी गोवी नदी मात्र लोखंडी नळांतून कालव्याच्या तळाखालून नेली आहे. नद्यांसोबत गाळ येतोच आणि ड्रेजरने तो उपसणे हे कालव्याचे न संपणारे काम आहे. फ्रॉडशमच्या दलदलीत हा गाळ टाकण्यासाठी बांध घातलेली विस्तीर्ण मैदाने आहेत.

ईस्टमच्या मूळ लॉकपैकी सर्वांत मोठ्याची रुंदी ८० फूट (२४.४ मी.) आहे. वरच्या चार ठिकाणी मोठे लॉक ६०० × ६५ फूट (१८३ × १९.८ मी.) आणि शेजारचे लहान ३५० × ४५ फूट आहे. लहान जहाजासाठी मोठे लॉक भरले तर पाणी वाया जाते, म्हणून ही जोडी. खोली मूळ २६ फूट होती, ती पुढे २८ फूट (८.५ मी.) केली गेली. उंचीची मर्यादा मात्र बाहेरून आली. रंकॉर्नचा रेल्वेपूल १८६८ पासून उभा होता आणि त्याखालची मोकळी जागा सुमारे ७५ फूट होती. वरचे स्थिर पूलही त्याच मापाने बांधले गेले. परिणामी उंच डोलकाठीच्या जहाजांना ईस्टमला थांबून डोलकाठीचा वरचा भाग, प्रसंगी धुराड्याचे टोकही, क्रेनने उतरवावे लागे. १८९८ मध्ये स्थापन झालेली मँचेस्टर लायनर्स ही कंपनी आपली जहाजे याच मापांत बसवून बांधून घेई.

वर जाणाऱ्या जहाजाचा क्रम असा : भरतीच्या आसपास जहाज ईस्टमला येते, तेथे कालव्याची वाट जाणणारा पायलट चढतो आणि मोठ्या जहाजाला पुढे-मागे टग (ओढणाऱ्या बोटी) जोडले जातात. जहाज लॉकमध्ये भिंतीलगत घेऊन दोर बांधतात, मागचे दरवाजे मिटतात आणि भिंतीतील बोगद्यांच्या झडपा उघडून आतली पातळी कालव्याच्या पातळीला आणली जाते. पाणी चढत असताना दोर सतत आवळावे लागतात. सैल राहिले तर जहाज पुढे सरकून दरवाजावर आदळते, आणि दरवाजा निकामी झाला तर वरचा सगळा टप्पा रिकामा होण्याचा धोका असतो. मोठ्या उधाणाला खाडीची पातळी कालव्याच्या वर जाते. अशा वेळी ईस्टमचे दरवाजे उघडून भरतीचे पाणी आत घेतले जाते आणि खालच्या टप्प्याची पातळी तात्पुरती वाढते.

खरे कौशल्य सरळ भागात लागते. मूळ बांधणीत तळाची रुंदी साधारण १२० फूट (३७ मी.) होती. जहाज एका काठाकडे सरकले की त्या बाजूच्या अरुंद जागेतून पाणी वेगाने मागे जाते आणि तेथला दाब घटतो. मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, उलट दिशेला, पलीकडच्या काठाकडे वळते. सुकाणू उशिरा फिरवले तर जहाज आडवे होऊन दोन्ही काठांत अडकू शकते. वेग वाढवला की जहाज पाण्यात अधिक खोल बसते आणि तळाशी उरलेले पाणी आणखी कमी होते, म्हणून उपाय एकच : वेग कमी ठेवणे. उंच बाजूच्या रिकाम्या जहाजाला आडवा वारा तितकाच त्रास देतो. पूर असताना सोडलेल्या पाण्याचा प्रवाह लॉकच्या तोंडाशी नाळ बाजूला ढकलतो. जहाज फिरवायला जागा ठरावीक ठिकाणीच आहे.

बार्टनचा फिरता जलसेतू, म्हणजे कालवा वाहून नेणारा पूल, ही कालव्यावरची सर्वांत देखणी रचना. अभियंते जेम्स ब्रिंडली यांनी १७६१ मध्ये बांधलेला ब्रिजवॉटर कालव्याचा दगडी जलसेतू मोठ्या जहाजांना आड येत होता, म्हणून तो पाडून लीडर विल्यम्स यांनी तो कालवा पोलादी हौदात घातला. हौद २३५ फूट (७२ मी.) लांब असून पाण्यासह त्याचे वजन सुमारे १,४५० टन भरते. जहाज आले की हौदाची दोन्ही टोके आणि काठावरची कालव्याची टोके दरवाज्यांनी बंद करतात, मधले थोडेसे पाणी सोडून देतात आणि भरलेला हौद कालव्यातील बेटावर काटकोनात फिरतो. तरंगणाऱ्या होडीने आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारलेले असते, त्यामुळे आत होड्या असल्या-नसल्या तरी तोल तोच राहतो. शेजारचा रस्त्याचा फिरता पूलही त्याच बेटावरच्या मनोऱ्यातून चालवला जातो.

१८९६ पासून काठावर ट्रॅफर्ड पार्क ही औद्योगिक वसाहत वाढली आणि १९०५ मध्ये सॅल्फर्डची नऊ क्रमांकाची मोठी गोदी खुली झाली. १९५८ मध्ये वाहतूक सुमारे १.८५ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचली. त्यात खनिज तेलाचा वाटा मोठा होता. तेलवाहू जहाजांसाठी ईस्टम येथे १९५४ मध्ये १०० फूट रुंद लॉकची क्वीन एलिझाबेथ दुसरी गोदी बांधली गेली. मग कंटेनरचे युग आले. जहाजे २० मी.पेक्षा रुंद झाली आणि ६५ फुटांच्या लॉकमध्ये मावेनात. १९८२ मध्ये सॅल्फर्डची गोदी बंद झाली. तेथे आता सॅल्फर्ड कीज ही वस्ती असून २०११ पासून बीबीसीचे अनेक विभाग शेजारच्या मीडियासिटीत आहेत.

कालवा आज पील पोर्ट्‌स समूहाकडे आहे. वाहतूक मुख्यतः खालच्या भागात, एल्झमिअर पोर्ट, स्टॅन्लो आणि रंकॉर्नभोवती होते. वर जाणारी जहाजे थोडी, तरी त्यांच्यासाठी वॉरिंग्टनचे फिरते पूल अजूनही उघडतात आणि रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. खासगी होड्यांना येथे मुक्त प्रवेश नाही. आगाऊ परवानगी, होडी योग्य असल्याचा दाखला, विमा, नांगर आणि व्हीएचएफ रेडिओ लागतो. शांत कालव्यांसाठी बांधलेल्या अरुंद होड्यांना मोठ्या जहाजाची लाट आणि नदीतून वाहत येणारे ओंडके धोक्याचे असतात, म्हणून पूर ओसरेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. मँचेस्टरच्या टोकाला पोमोना लॉकमधून ब्रिजवॉटर कालव्यात चढता येते. हे लॉक १९९५ मध्ये जुन्या ह्यूम लॉकच्या जागी बांधले गेले.