फिलिपिन्समध्ये आदिवासींची पिढीजात जमीन जैवइंधन पिकांसाठी भाडेपट्ट्याने: सही कोणाची, कागद कोणते

जैवइंधन कायद्यामुळे फिलिपिन्समध्ये २००७ पासून डिझेलमध्ये बायोडिझेल आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. ऊस, कसावा, मोगली एरंड अर्थात जट्रोफा लावायला मोठे सलग पट्टे हवेत, म्हणून गुंतवणूकदार डोंगराकडे वळले. तिथली बरीच जमीन आदिवासी समाजांची आहे. ती वापरायला घ्यायची रीत १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने, म्हणजे प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८३७१ ने, ठरवून दिली आहे.

जमीन द्यायला पात्र कोण?

आधी हातातला दाखला कोणता ते पाहा. सीएडीटी हा अख्ख्या समाजाच्या क्षेत्राचा सामूहिक हक्कदाखला. सीएएलटी हा व्यक्तीच्या, कुटुंबाच्या किंवा कुळाच्या जमिनीचा. सामूहिक क्षेत्र कायद्याने सगळ्या पिढ्यांचं, अजून जन्माला न आलेल्यांचंसुद्धा. ते विकता येत नाही. त्यामुळे प्रमुखाने कंपनीच्या गाडीत बसून केलेली सही समाजाची संमती ठरत नाही. सीएएलटीची जमीन समाजातल्या समाजात हस्तांतरित करता येते. फसवून किंवा कवडीमोलाने ती बाहेरच्याकडे गेली असेल, तर १५ वर्षांच्या आत सोडवून घेता येते.

दाखलाच नसेल तर?

अर्ज राष्ट्रीय आदिवासी आयोगाकडे, म्हणजे एनसीआयपीकडे करायचा. वडीलधाऱ्यांची शपथेवरची साक्ष लागतेच. सोबतीला जे पुरावे चालतात ते वाचण्यासारखे आहेत: जुन्या वस्त्यांचे आणि दफनभूमीचे फोटो, वंशावळ, शेजारच्या समाजाशी झालेले सीमेचे करार, कच्चे नकाशे, इतकंच काय, ओढ्या-टेकड्यांची आपल्या बोलीतली नावं लिहून काढलेला कागदही. मग अर्जाची नोटीस १५ दिवस लावतात, वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे देतात, हरकती घेतात. हा अर्ज प्रलंबित असेपर्यंत त्या जमिनीवर सरकारी खात्याला नवा परवाना किंवा पट्टा देता येत नाही. म्हणून कंपनी दारात यायची वाट न पाहता अर्ज टाकलेला बरा.

कंपनीचा अर्ज कसा पुढे सरकतो?

परवाना देणाऱ्या खात्याला आधी एनसीआयपीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आयोगाचं पथक जागेवर जाऊन पाहणी करतं, खर्च कंपनीचा. जमीन आदिवासी क्षेत्रात येत असेल तर मुक्त, पूर्वसूचित संमतीची, म्हणजे दबावाशिवाय, काम सुरू व्हायच्या आधी आणि पूर्ण माहिती घेऊन दिलेल्या संमतीची, प्रक्रिया सुरू होते. आयोगाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे मोठ्या लागवडीसाठी दोन ग्रामसभा होतात. पहिलीत हक्क समजावतात, निर्णय कोणत्या रीतीने होणार ते ठरतं. दुसरीत कंपनी आपला आराखडा मांडते, तोही लोकांना कळेल अशा भाषेत. त्यानंतर समाज आपल्या रीतीने आपापसात विचार करतो, आणि त्या चर्चेत कंपनीने बसायचं नसतं. होकार असेल तर ठराव, करारनामा आणि शेवटी प्रमाणपत्र. नकार असेल तर नकाराचाही ठराव लेखी होतो.

मधल्या काळात गुपचूप बोलणी, देणग्या, जेवणावळी, दारू हे सगळं नियमाने बंद आहे. हजेरीपत्रकाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. कागदाच्या वरच्या ओळीत ‘उपस्थिती’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर खाली अंगठा उठवू नका. कोऱ्या मथळ्याखालचे अंगठे पुढे संमतीचे म्हणून दाखवायला कितीसा वेळ लागतो?

करारात काय पाहायचं?

बाहेरच्याला सामूहिक क्षेत्रातली नैसर्गिक संपत्ती वापरायला जास्तीत जास्त २५ वर्षं मिळतात, फार तर आणखी २५. म्हणजे आज सही करणाऱ्याची नातवंडं मोठी झाली तरी पट्टा चालूच. हेक्टरी भाडं किती, हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न, भाडं कधीपासून? जट्रोफाला भरघोस बी यायला काही वर्षं जातात, आणि हलक्या जमिनीवर तर सांगितलेलं उत्पन्न बहुतेकदा येतच नाही. भाडं नफ्यावर बांधलं असेल तर ती वर्षं कोरडी जातील. कंपनी मध्येच निघून गेली तर झाडं कोण उपटणार, पट्टा तिसऱ्याला देता येईल का, दफनभूमी आणि पाणवठे नकाशावर वगळलेत का, हे नावानिशी लिहून घ्या. संमती फक्त त्याच प्रकल्पाची असते. उसासाठी दिलेल्या होकारावर उद्या खाण काढता येत नाही.

संमतीशिवाय काम सुरू झालंच, तर आदिवासी हक्क कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे ते थांबवण्याचा हक्क समाजाला आहे. तक्रार आयोगाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.