करातून जन्मलेली किट कार

सुटे भाग आणायचे, घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडायची आणि रीतसर नंबर घेऊन तीच रस्त्यावर काढायची, ही ‘किट कार’ची परंपरा ब्रिटनमध्ये चांगलीच रुजली. हौस होतीच, पण तिला बळ दिलं ते कराने.

१९४० मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटनने पर्चेस टॅक्स, म्हणजे खरेदीवरचा कर, लावला आणि युद्ध संपल्यावरही तो उठला नाही. तयार मोटारीवर हा कर जबर होता. ग्राहकाने सुटे भाग घेऊन गाडी स्वतः जोडली, तर मात्र तो लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही पळवाट अचूक हेरली. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन तयार घेतली तर करासह १,०३६ पौंडांना पडे; किट ५३६ पौंडांत मिळे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डचं ११७२ सीसीचं साधंसुधं इंजिन. वजन जेमतेम अर्धा टन, त्यामुळे एवढ्याशा इंजिनावरही ती झकास पळे. करसवलतीच्या अटीमुळे किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून कंपनी गाडी खोलण्याच्या सूचना देई आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

१ एप्रिल १९७३ला व्हॅट आला आणि किटची करसवलत संपली. लोटसने सेव्हन सोडली. ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅमने मात्र त्याच वर्षी तिचे हक्क घेतले, आणि ती गाडी आजही बनते, किटमध्येही मिळते. नुसता पैसा वाचवण्याचा मामला असता, तर ती तेव्हाच बंद पडली असती.

छोट्या तीनचाकींनाही नियमांनीच हात दिला. सुमारे ४०० किलोच्या आतली तीनचाकी मोटरसायकलच्या लायसनवर चालवता येई, रोड टॅक्सही कमी. प्रेस्टनमध्ये १९४९ पासून बनलेल्या बाँड मिनीकारचं १२२ सीसीचं इंजिन थेट पुढच्या चाकावर बसवलेलं होतं. पुढच्या मॉडेलांत ते चाक इंजिनासकट काटकोनात वळे आणि गाडी जागच्या जागी फिरे. आइल ऑफ मॅनची पील पी५० (१९६२) तर दीड मीटरपेक्षाही कमी लांब. रिव्हर्स गिअर नाही. मागचं हँडल धरून गाडी हातानेच ओढायची.

घरी बांधलेल्या गाडीच्या पासिंगसाठी ब्रिटनने १९९८ मध्ये स्वतंत्र तपासणी आणली. २००९ पासून ती आणखी कडक झाली. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट तर बघतातच, पण पादचाऱ्याला लागू शकेल अशी बाहेरची कड पुरेशी गोलाईची आहे का, हेही तपासतात. जुन्या भागांतून बनलेल्या, वय सांगता न येणाऱ्या गाडीला क्यू अक्षराचा नंबर मिळतो.

आपल्याकडे कारखानदार नमुना मंजूर करून घेतो आणि त्याबरहुकूम गाड्या काढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून किकवर चालू होणारी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. अशा कारागिरांसाठी एकेका गाडीची तपासणी करणारी सोय आपल्याकडेही व्हावी, असं मला मनापासून वाटतं. नवा वर्ग काढता येतो, हे बजाजच्या २१६ सीसीच्या क्यूटवरून दिसलंच आहे: आरई६० या नावाने ती २०१२ मध्ये दाखवली गेली, क्वाड्रिसायकल हा छोट्या, हलक्या चारचाकींचा वर्ग त्यानंतर नियमांत आला, आणि खासगी वापराला मुभा मिळायला २०१८ उजाडलं.