शिंगे खडखडवून हरीण बोलावणे

गळून पडलेली दोन शिंगे एकमेकांवर आपटून व घासून दोन नर झुंजत असल्याचा आभास निर्माण करायचा आणि त्या आवाजाने तिसऱ्या नराला टप्प्यात आणायचे, अशी ही उत्तर अमेरिकेतील शिकारीची एक रीत आहे. इंग्रजीत तिला ‘अँटलर रॅटलिंग’ म्हणतात. ती प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी वापरली जाते. हाकाऱ्याच्या शिकारीत माणसे रान उठवतात आणि भ्यालेले जनावर बाहेर पडते. येथे शिकारी दबा धरून बसतो आणि जनावर आपल्या पायांनी चालत येते. शिकारीच्या हंगामाच्या सुरुवातीला ही रीत कितपत उपयोगी पडते, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन वेगळ्या अवयवांना लावला जातो आणि त्यातून घोटाळा होतो. गाय, शेळी, काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले शृंगद्रव्याचे (नखे ज्याची बनतात त्या द्रव्याचे) पोकळ आवरण. ते जन्मभर टिकते. सांबर, चितळ, बाराशिंगा आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण यांचे शिंग मात्र भरीव हाडाचे असते, दरवर्षी गळते आणि नव्याने उगवते. वाढीच्या काळात त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागतात, नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढते, हाड पक्के होते आणि मखमल सुकते. सप्टेंबरच्या आसपास नर ती झुडपांवर घासून काढतो. खडखडाट ऐकू येतो तो या उघड्या, पक्क्या हाडाचा. मखमल असताना नर शिंगे जपतात आणि एकमेकांशी कुरबूर झालीच तर पुढच्या पायांनी फटके मारतात. त्यामुळे मखमल उतरण्यापूर्वी शिंगे वाजवण्यात काहीच अर्थ नसतो.

या रीतीचा उगम वादग्रस्त आहे. अमेरिकेतील मूलनिवासी शिकारी पूर्वापार शिंगे वाजवत असत, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. याला आधार म्हणून ज्या चित्राकडे बोट दाखवले जाते ते फ्लोरिडातील तिमुकुआ या मूलनिवासी लोकांचे आहे. 1564 मध्ये तेथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेतील चित्रकार जाक ल म्वान याच्या रेखाटनांवरून थिओडोर द ब्री याने 1591 मध्ये जे कोरीव ठसे प्रसिद्ध केले, त्यांपैकी एकात हरणाची कातडी डोक्यासकट पांघरलेले शिकारी ओढ्याकाठी वाकून नेम धरताना दिसतात. मूळ रेखाटने जवळजवळ सगळीच हरवली असल्याने या ठशांवर कितपत विसंबावे, असा प्रश्न अभ्यासक उपस्थित करतात. ठसा विश्वसनीय मानला तरी त्यातून वेषांतर सिद्ध होते, आवाज सिद्ध होत नाही. शिकाऱ्याच्या हातात धनुष्यबाण आहे, सुटी शिंगे नाहीत.

दुसरे मत दक्षिण टेक्सासकडे निर्देश करते. सॅन अँटोनिओपासून रिओ ग्रांदे नदीपर्यंतचा हा मुलूख मेस्कीट (एक काटेरी झाड), निवडुंग आणि काटेरी झुडपांनी इतका दाटलेला आहे की तेथे माग काढत हरणाजवळ पोहोचणे अवघड. जेथे शिकाऱ्याला जनावरापर्यंत जाता येत नाही, तेथे जनावराला बोलावण्याची युक्ती रुजावी हे स्वाभाविक वाटते. तेथील गुरेराख्यांनी ती मेक्सिकन व्हाकेरोंकडून (घोडेस्वार गुराख्यांकडून) उचलली असा दावाही केला जातो, पण तो मौखिक परंपरेवरच उभा आहे. आज प्रचलित असलेली रीत टेक्सासमध्ये घडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारविषयक मासिकांतून व पुढे व्हिडिओंतून इतरत्र पसरली, हे मत अधिक ग्राह्य धरावे लागते. त्याआधी तिचा वापर कोठेच नव्हता, असा याचा अर्थ नव्हे.

नरांच्या झुंजीचा फायदा घेण्याची कल्पना भारतातही होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त हरणाकरवी हरीण पकडण्याचे वर्णन आहे. पाळीव नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानात सोडत. रानटी नर झुंजायला आला की त्याची शिंगे त्या जाळ्यात अडकत. तेथे आमिष दिसणारे होते, येथे ते फक्त ऐकू येणारे आहे. दोन्हींत काही ऐतिहासिक संबंध असल्याचे दिसत नाही.

हंगामाच्या सुरुवातीला शिंगे वाजवणे आणि भर माजात, म्हणजे मीलनाच्या काळात, ती वाजवणे यांत फरक करणे आवश्यक आहे. बहुतेक लोकप्रिय मार्गदर्शकांत तो पुसट होतो. अमेरिकेच्या उत्तर भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज साधारण नोव्हेंबरच्या मध्याला शिगेला पोहोचतो, तर दक्षिण टेक्सासमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर अजून उन्हाळी टोळक्यातच असतात, एकमेकांना ओळखतात आणि शिंगाला शिंग लावून जोर अजमावतात. हे गावच्या आखाड्यातील सरावासारखे असते, फडातील कुस्तीसारखे नव्हे. डोकी खाली घालून हळूच टोके अडकवायची, थोडे रेटायचे, सोडायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. कधी मोठा नर लहानाशीही असा खेळतो. माज चढल्यावर टोळके फुटते आणि मग होते ती खरी झुंज. ती थोडा वेळच चालते, पण जोराची असते आणि क्वचित जिवावर बेतते.

म्हणून जाणते शिकारी सुरुवातीच्या आठवड्यांत शिंगे आपटत नाहीत. प्रत्येक हातात एकेक शिंग बुंध्याशी धरायचे, टोकांत टोके गुंतवायची आणि मनगट किंचित फिरवत राहायचे. त्यातून सुक्या बांबूच्या कामट्या एकमेकींवर घासाव्यात तसा कोरडा, तुटक आवाज निघतो. अर्धा-एक मिनिट असे करून शिंगे मांडीवर ठेवायची आणि निदान पंधरा-वीस मिनिटे हालचाल न करता बसायचे. बुंध्याजवळचे आखूड टोक अनेकजण आधीच कापून टाकतात, नाहीतर बोटांची साल निघते. खऱ्या शिंगांऐवजी कृत्रिम शिंगे किंवा आत काड्या भरलेली पिशवीही वापरली जाते. उन्हात वर्षानुवर्षे पडून भेगाळलेल्या शिंगाचा आवाज बोदा येतो, म्हणून ताजी गळालेली शिंगे पसंत केली जातात.

हलका आवाज की मोठा, या वादात एका प्रयोगाचे आकडे महत्त्वाचे ठरतात. दक्षिण टेक्सासमधील सिंटनजवळच्या वेल्डर वन्यजीव अभयारण्यात 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात वन्यजीव अभ्यासक मिकी हेलिकसन व सहकाऱ्यांनी 171 वेळा शिंगे वाजवून नोंदी घेतल्या. प्रत्येक सत्र अर्ध्या तासाचे होते. लहान प्रकारात एक मिनिट वादन व नऊ मिनिटे शांतता, लांब प्रकारात तीन मिनिटे वादन व सात मिनिटे शांतता, असे तीनदा. एकूण 111 नर आले. माजापूर्वीच्या 60 सत्रांना 18, भर माजातील 60 सत्रांना 65 आणि माजानंतरच्या 51 सत्रांना 28. मोठ्या आवाजाला 81 नरांनी प्रतिसाद दिला, हलक्याला 30. वादनाच्या लांबीने फारसा फरक पडला नाही. मोठा आवाज दूरवर पोहोचतो आणि अधिक नरांच्या कानी पडतो, एवढे कारण या तफावतीला पुरेसे आहे. ऑक्टोबरमध्येही शिंगे जोरात आपटावीत असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल. शिवाय अशा राखीव रानात प्रौढ नर भरपूर असतात. जेथे नरांची शिकार अधिक होते आणि प्रत्येक नरामागे माद्या पुष्कळ असतात, तेथे झुंजण्याचे कारणच उरत नाही आणि प्रतिसाद घटतो. ही रीत टेक्सासबाहेर चालत नाही, ही जुनी समजूत बहुधा यातूनच आली असावी.

येणारा नर सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे शिकाऱ्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, जातो आणि आवाजाची खात्री नाकाने करून घेतो. म्हणून वाऱ्याखालची बाजू नजरेच्या टप्प्यात राहील अशी जागा निवडतात. सार्वजनिक रानात या रीतीचा धोका गंभीर आहे, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्यालाही ऐकू जातो आणि झाडीत हलणारे शिंग त्याला हरणाचे वाटू शकते. म्हणून तेथे शिंगे वाजवताना भडक नारिंगी पोशाख घालण्याचा आग्रह धरला जातो.

युरोपात लाल हरणाच्या नराला डरकाळीची नक्कल करून बोलावतात, शिंगांचा वापर तेथे गौण आहे. चितळाचे नर वेगवेगळ्या महिन्यांत शिंगे गाळतात आणि त्यांचा माज एका ठरावीक हंगामात बांधलेला नसतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हंगामाची सुरुवात या कल्पनेलाच आधार उरत नाही. भारतातून नेलेली चितळे टेक्सासमध्ये 1930 च्या दशकापासून आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ताडोबा वा मेळघाटच्या रानात गळून पडलेले सांबरशिंग उचलून घरी नेणेही गुन्हा ठरतो.